सोड म्हणेपर्यंत

शांताक्का माझी थोरली जाऊ. तिच्या हातात कात्री असताना घरात कुणी मोठ्याने शिंकायचंसुद्धा नाही, असा दंडक होता. मी मिरजेकडची. लग्न होऊन म्हैसूरला आले, तेव्हा हा सगळा मला नसता थाट वाटला. पहिल्याच आठवड्यात तिने मला कापडाचं एक टोक धरायला बसवलं. "घट्ट धर. मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही, हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही," एवढं बोलली आणि कात्री निघाली. ती कापत नव्हतीच. कात्री अर्धी उघडून नुसती पुढे ढकलत होती, आणि कापड आपलं आपण दुभंगत माझ्या बोटांकडे येत होतं. माझा जीव टांगणीला लागला. बोटं वीतभर राहिली तेव्हा ती थांबली, "सोड" म्हणाली आणि मी सोडलं. उरलेलं कापड कापून तिने माझ्याकडे न बघताच पुढचा तागा ओढला.

आमच्या शिंप्याच्या घरात लहानथोर सगळ्यांनी हे टोक धरलेलं आहे. कुणाला कधी साधा ओरखडा उठला नव्हता. म्हणूनच कुणाला त्याची भीती राहिली नव्हती, आणि मला हेच पटत नसे. मी फटकळ बाई आहे. मनात आलं ते बोलून टाकते, आणि शांताक्काशी माझे खटके उडायचे हे सगळ्या गल्लीला पाठ आहे.

तिचे यजमान, म्हणजे आमचे नरहरी भाऊजी, यांचं जुन्या बाजारामागे शिवणाचं दुकान. तयार कपडे आले आणि दुकान बसलं. आता पँटची उंची कमी करा, ब्लाउजची बाही सैल करा, असली कामं येतात. त्यांना मूलबाळ नाही. दुकानातलं काम आटलं तसं शांताक्काचं बोलणंही आटत गेलं. दुपारी ती रिकाम्या टेबलावर हात पसरून बसायची, आणि मला तिची दया यायची नि रागही यायचा.

मग चैत्राने रविवारची शाळा काढली. चैत्रा आमच्याच समाजातली, राहायला जयलक्ष्मीपुरमला, नोकरी सांभाळून हौसेने चार कामं अंगावर घेणारी. आमच्या समाजातल्या पोरांचं मराठी म्हणजे कन्नड मिसळलेला आनंदच. "आई, मला नीर दे, स्वल्पच दे" असं चालतं, आणि आईला ते कळतंही. तर विठ्ठल मंदिराच्या मागच्या सभागृहात दर रविवारी सकाळी लहान मुलांना जमवायचं, एक गोष्ट सांगायची, एक गाणं म्हणायचं आणि गोष्टीतलं काहीतरी कागदाचं करून घरी न्यायला द्यायचं, असा चैत्राचा बेत होता. पहिल्या रविवारी तिने फोनवर बघून कागदाचा पक्षी करायला घेतला. तो पक्षी कमी आणि चुरगळलेलं बिल जास्त दिसत होता. शांताक्का प्रसाद घेऊन गेली होती. तिने ताट खाली ठेवलं, कागद उचलला, दोन घड्या घातल्या, कात्री फिरवली आणि पंख हलवणारा पक्षी पोरांपुढे धरला. पोरांनी आ वासला.

त्या दिवसापासून ती त्यांची शांताज्जी झाली. कासव झालं, उघडझाप करणारं कमळ झालं, एका घडीत कापलेली हात धरून उभ्या असलेल्या मुलांची माळ झाली. चिकटवायला भाऊजी मैदा शिजवून खळ करून द्यायचे, कारण बाजारातला गोंद पोरं चाटतात. मी तिच्याशी कितीही भांडले तरी हे कबूल करते, की त्या दिवसांत शांताक्का सुंदर दिसायची. रविवारसाठी ती शुक्रवारीच केस धुवायची.

मोठा कागद असला की टोक धरायला एक मूल लागायचं. ते काम चैत्राच्या मुलीने, सिंचनाने, आपल्याकडे घेतलं होतं. यंदाच पहिलीत गेलेली, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. शांताक्काने तिलाही तोच मंत्र दिला. सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही, हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही. सिंचना इतकी गुणी, की टोक धरून बसली असताना नाकावर माशी बसली तरी हात हलवायची नाही. बाकीची पोरं तिला हसवायला वेडीवाकडी तोंडं करायची. ती डोळे मिटून घ्यायची, पण बोटं तशीच. लोकांना कौतुक वाटायचं, पण मला ते बघवत नसे.

पावसाळ्यात मला शांताक्काचं काही खटकायला लागलं. ती दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायची. चहाचा पेला टेबलाच्या अगदी काठावर ठेवायची, आणि तो पडला की माझ्यावरच डाफरायची. मी तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले तर बोलेपर्यंत तिला पत्ता नसायचा. मी विचारलं, तर "लक्ष नव्हतं" म्हणाली. आयुष्यभर जिचं लक्ष सुईच्या टोकावर असतं, तिचं एवढं लक्ष कुठे गेलं, ते मला कळेना.

कळलं ते एका माशामुळे. शाळेत उरलेला एक निळा कागदी मासा मी स्वयंपाकघराच्या खिडकीवर चिकटवला होता. सकाळचं ऊन त्यातून आलं आणि माशाच्या कडेकडेने बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसायला लागले. सगळ्या आकारावरून ठिपक्यांची एक ओळ गेली होती. मी बोट फिरवून बघितलं. उलट्या बाजूला कागद खरखरीत लागला. शिंप्याच्या घरातल्या कुणालाही ती खूण कळेल. आम्ही कापडावर शिवणीची रेघ उमटवायला मुठीचं दातेरी चाक फिरवतो, त्याचे हे दात होते. पण कापडावर खूण करतात ती दिसायला. इथे कुणीतरी ती हाताला लागावी म्हणून केली होती. मी मासा खिडकीवरून उचकटून घेतला.

तशीच दुकानात गेले. भाऊजी टेबलावर कागद पसरून चाक फिरवत होते. मला बघून त्यांनी कागद झाकला नाही. कधीतरी कुणीतरी विचारील याची ते वाट बघत असावेत.

"डावा डोळा पुरता गेला, सुमा," ते म्हणाले. "उजव्यानं समोरचं स्वल्प दिसतं, ते पण धूर भरल्यासारखं. डॉक्टर सांगितले, गेलेलं परत येत नाही. अष्टे, एवढंच."

मग त्यांनी मला त्यांची युक्ती दाखवली, आणि दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. शनिवारी संध्याकाळी ते सगळ्या कागदांवर चाकाने आकार काढून ठेवायचे. रविवारी शांताक्का डाव्या हाताचं बोट त्या खरखरीवर पुढे पुढे सरकवत न्यायची आणि मागून उजव्या हाताची कात्री यायची. मोठा कागद असेल, तर मुलाच्या बोटांच्या वीतभर अलीकडे ते एक आडवी रेघ ओढून ठेवायचे. ती रेघ बोटाला लागली, की शांताक्का थांबायची आणि सोड म्हणायची.

म्हणजे सिंचनाची बोटं तिला दिसत नव्हतीच. कितीतरी रविवार झाले, ती पोर एका रेघेच्या भरवशावर तिथे बसत होती.

मी भाऊजींना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, तूच सांग तिला, कात्री ठेव म्हणून. मी सांगितलं. शांताक्का आधी खवळली, मग माझा हात धरून बसली, जो तिने इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता.

"उद्या कळलं की मला दिसत नाही, तर ही पोरं माझ्याकडनं कागद घेणार नाहीत," ती म्हणाली. "माझा हात धरून मला कोपऱ्यात नेऊन बसवतील, पाणी हवं का विचारतील. सुमा, मला अजून कोपऱ्यात बसायचं नाही ग."

मला भडभडून आलं, पण मी बधले नाही. चैत्राला तू सांग, नाहीतर मी सांगते, असं बजावलं. तिने दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली. सुट्टीआधीच्या रविवारी हत्ती आणि मगरीची गोष्ट होती. तळ्यात मगर हत्तीचा पाय धरते आणि सोडतच नाही, शेवटी हत्ती देवाला हाक मारतो, ती गोष्ट. तेवढी मगर मला करू दे, मग कात्री ठेवते, म्हणाली. मी मुदत दिली नाही. दुसऱ्याच दिवशी जयलक्ष्मीपुरमला जाऊन चैत्राला सगळं सांगितलं.

चैत्राने माझ्यापुढे मुलांनी घरी नेलेली कमळं आणि कासवं मांडली. कडा बघा काकू, म्हणाली, हे न दिसणाऱ्या माणसाचं काम आहे का? मी ठिपके दाखवले, तर ती म्हणाली, शिंप्याच्या घरात खुणा करून कापायची पद्धतच आहे ना. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की जावाजावांचं भांडण इथवर आलं असं तिला वाटतंय. तरी ती शहाणी मुलगी. पुढच्या रविवारी तिने हसत हसत शांताक्काला विचारलंच, शांताज्जी, डोळ्यांचं काय म्हणतंय? शांताक्काने पदराला टोचलेली सुई काढली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि चैत्राच्या नाकासमोर पहिल्याच झटक्यात ओवून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चैत्राने माझ्याकडे वळून बघितलं. आता तिला काय सांगू, की आमच्याकडे चांगला शिंपी सुई बोटांनी ओवतो, त्याला डोळा लागतच नाही? सांगितलं असतं तरी ते माझ्याच तोंडून आलं असतं.

मग माझ्या हातात एकच गोष्ट उरली. मी दर रविवारी जाऊन सिंचनाला चिकटून बसायला लागले.

मगरीचा रविवार आला. चैत्राला ती मगर सुट्टीभर सभागृहात उभी करून ठेवायची होती, म्हणून तिने हिरवा जाड पुठ्ठा आणून दिला होता. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असे चटईएवढे लांब दोन तुकडे, म्हणजे मधे पोकळी ठेवून जोडले की मगर उभी राहील. इथे एक सांगून ठेवते, जे मला मागाहून कळलं. भाऊजींनी शनिवारी ते दोन्ही पुठ्ठे एकावर एक ठेवले आणि वरून एकदाच चाक फिरवलं. त्यांनी जन्मभर असंच केलं आहे. दोन बाह्या, एक खूण. दोन पाय, एक खूण. कापड खालपर्यंत दात घेतं, आणि आजवरचे पातळ कागदही घेत आले होते. जाड पुठ्ठा घेत नाही, हे त्या सवयीच्या हाताला सुचलंच नाही. जिथे वळणं होती, म्हणजे दात, पाय, शेपटीचे काटे, तिथे चाक दाबून फिरवलं होतं, ते खाली उतरलं. सरळ भागावर हात हलका होता.

सकाळी सभागृहात ऊन चांगलं होतं. चैत्राने गोष्ट सांगितली, पोरांनी हत्तीचं ओरडणं काढून दाखवलं. मग सगळी गोल करून बसली. शांताक्काने पहिला पुठ्ठा फरशीवर पसरला, शेपटीकडे आपण बसली. जबड्याकडे सिंचना, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी टोक घट्ट धरून. मी तिला खेटून. मी आधी म्हटलं होतं, आज टोक मी धरते. सिंचनाचा ओठ थरथरला, हे माझं काम आहे म्हणाली, आणि चैत्रा म्हणाली, काकू, धरू द्या ना तिला.

शांताक्काने शेपटीचे काटे कापले, पाय कापले. बोट पुढे, कात्री मागे. मग पोटाची लांब सरळ रेघ आली आणि तिने कात्री अर्धी उघडून ढकलली. पुठ्ठा करकरत फाकत आमच्याकडे आला. बोटं वीतभर राहिली, तिचं डावं बोट आडव्या रेघेवर थबकलं. "सोड," ती म्हणाली. सिंचनाने सोडलं. शांताक्काने जबडा कापला, दात कापले, आणि मगरीची एक बाजू तयार झाली. मुलं तिच्यावर हात फिरवायला धावली. मला घाम फुटला होता, तो मी पदराने पुसला. मनात म्हटलं, अर्धं पार पडलं.

दुसरा पुठ्ठा पसरला. सिंचना परत बसली. शांताक्काने सुरुवातीलाच बोट दोनदा मागेपुढे फिरवलं. तिच्या कपाळाला आठी पडली, ती मी बघितली. पण काटे लागले, पाय लागले, आणि ती पुढे निघाली. पोटाची सरळ रेघ आली. सरळ रेघेला आमच्या घरात कुणी खूण शोधत नाही, हात आपोआप जातो. तिने कात्री ढकलली. आता पुढे फक्त आडवी रेघ लागायची होती, आणि तिची सगळी बोटं त्या रेघेची वाट बघत होती.

वीतभर अंतर आलं. मी थांबायची वाट बघत होते. ती थांबली नाही.

मी "थांब" ओरडले, "सिंचना, सोड" ओरडले. पोरीने माझ्याकडे बघितलं फक्त. मी सोड म्हणून उपयोग नव्हता. कापणाऱ्याने म्हणायचं असतं. आणि शांताक्काला माझं ओरडणं रोजचंच होतं. मी तिच्या अंगावर झेप घेतली, तिचं मनगट धरलं, आणि त्याच वेळी कात्रीचा तो शेवटचा, बारीक आवाज झाला.

कात्री थांबली. सभागृहात कुणी हललं नाही. हिरव्या पुठ्ठ्यावर आधी थेंब पडले आणि मग ते एकत्र होऊन मगरीच्या जबड्याकडून पोटाकडे यायला लागले. शांताक्काचं डावं बोट अजून पुठ्ठ्यावर रेघ शोधत पुढे सरकत होतं. ते त्या ओलीवर गेलं. तिने बोट बोटावर चोळून बघितलं.

"खळ कोण सांडलं इथं?" तिने विचारलं.

मग सिंचनाचा आवाज आला, अगदी हळू, शाळेत विचारतात तसा.

"शांताज्जी, आता सोडू?"

मग चैत्रा किंचाळली. शांताक्काने कात्री खाली ठेवली. "सोड, बाळा, सोड," ती म्हणत राहिली, आणि तेव्हा कुठे त्या पोरीची बोटं पुठ्ठ्यावरून सुटली.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. टाके पडले. बोटाचं टोक वाचलं, पण नख वाकडंच येईल आणि टोकाला स्पर्श कळेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. चैत्रा मला एक शब्द बोलली नाही, शांताक्कालाही बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी दुकानात गेले, तर भाऊजी तो दुसरा पुठ्ठा टेबलावर घेऊन उभे होते. डाग पुसलेला नव्हता. पोटाच्या सरळ रेघेच्या शेवटी, जिथे आडवी खूण असायला हवी होती, तिथे ते पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते. तिथे पुठ्ठा गुळगुळीत होता. मी तशीच आत गेले.

शांताक्का मागच्या खोलीत बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून. माझी चाहूल लागली तशी तिने मान वळवली, पण मी होते त्याच्या जरा पलीकडे बघितलं.

"सुमा, ती रडली का ग?"

"नाही," मी म्हटलं.

"रडली असती, नुसता हूं केला असता, तर मला कळलं असतं. मी थांबले असते."

"तूच शिकवलं होतंस तिला," मी म्हटलं. "तोंड उघडायचं नाही म्हणून."

तिने हात पालथे केले. मग तिने विचारलं, कात्री कुठे आहे. मी म्हटलं, सभागृहातच राहिली, कुणी उचलली नाही. तिने मान हलवली आणि खोलीतला दिवा लावायला सांगितला. दिवा लावलेलाच होता.